मराठीतलं बस

मुलगी शिकायला दिल्लीला गेली आणि तिचा कुत्रा माझ्या गळ्यात पडला. हौस तिची, उस्तवार माझी. नवरा बँकेत, सकाळीच घराबाहेर. माझं ऑफिस लखनौच्या हजरतगंजला, पण लॉकडाऊनपासून मी अलीगंजमधल्या आमच्या भाड्याच्या घरात, मागच्या खोलीत शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून काम करत होते.

सुरुवातीला बरं वाटलं, मग त्या खोलीचा मला वीट आला. जेवण तिथे, मीटिंग तिथे, आणि उंबऱ्यात आडवा पसरलेला हा. पाणी प्यायला उठले तरी मागे. एकदा कोपऱ्यावर सब्जी आणायला गेले, तर याने रडून गल्ली डोक्यावर घेतली. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून सब्जीवाल्या भैयाकडून भाजीही दोरीच्या टोपलीतून वर यायला लागली. ओळखीच्या बायका म्हणायच्या, घरबसल्या पगार, नशीबवान आहात. मला त्यांचा राग यायचा. मला इस्त्रीचे कपडे घालून कुठेतरी पोचायचं होतं, चारचौघींत डबा उघडायचा होता.

ऑफिसात एक टेबल रिकामं होतंय असं कळलं, तेव्हा मी कंबर कसली. मालकीणबाईंना गाठलं. दिवसभर कुत्रा त्यांच्या अंगणात राहील, बदल्यात सणासुदीला माझ्या हातच्या पुरणपोळ्या, असं ठरलं. नवऱ्यालाही सांगून टाकलं.

मग लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग आली. आमचे साहेब जुन्या लखनौचे, बोलणं अगदी अदबीचं. त्या टेबलासाठी सगळ्यात आधी त्यांनी मलाच विचारलं. पहिल्याच फटक्यात हो म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मी जरा आढेवेढे घेतले. ते आग्रह करू लागले. खिडकीजवळची जागा आहे, ऑटो दारात मिळते, सगळ्यांना तुमची आठवण येते. मी हो म्हणणार, तेवढ्यात खाली भैयाची हाक आली आणि कुत्र्याने भुंकत लॅपटॉपवर झेप घेतली. या कुत्र्याला आम्ही मराठीच शिकवलेलं. मी जोरात ओरडले, "बस!"

कुत्रा बसला. साहेबही आग्रह करता करता थांबले. मग हळूच म्हणाले, "माफ़ कीजिएगा मैडम, अब हम ज़ोर नहीं देंगे।"

मी घाईघाईने सांगायला लागले, की आमच्यात बस म्हणजे बैठो, मी कुत्र्याशी बोलत होते. पण भुंकणं पुन्हा सुरू झालं होतं आणि माझं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही. तोवर साहेबांनी दुसऱ्याला विचारलं होतं आणि त्याने आढेवेढे न घेता हो म्हटलं होतं. नंतर मी फोन केला. ते मनापासून हसले, हळहळले, पण आता त्याला शब्द दिला म्हणाले.

नवऱ्याने संध्याकाळी हा किस्सा दोन जणांना फोनवर रंगवून सांगितला. मला रडू येत होतं. मी मुलीला फोन लावला. मी मराठीत सांगत गेले, ती नेहमीसारखी हिंदीत हुंकार देत राहिली. शेवटी म्हणाली, बरंच झालं, तो दिवसभर परक्या अंगणात एकटा कसा राहिला असता.

मी म्हटलं, "अगं, मीही दिवसभर एकटीच असते."

"तुम अकेली कहाँ हो मम्मी," ती म्हणाली, "वो है ना।"