मालगुजारीचा एकच तास

कायद्याच्या विद्यार्थ्याला एखादा विषय स्वतःच्या मर्जीने निवडायची मुभा मिळते, तेव्हा ती निवड खरोखर कोण करतो? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे. दुसऱ्यांविषयी मला सांगता येणार नाही. माझ्यापुरते उत्तर मिळाले आहे.

निजामाच्या राज्यात वकिलीचे शिक्षण हैदराबादेत आणि उर्दूतून होई. मी उमरग्याजवळच्या खेड्यातून तेथे गेलो. शेवटच्या वर्षी सक्तीच्या विषयांखेरीज एक विषय आपण निवडायचा असे. त्याला इख्तियारी मजमून म्हणत. माझ्यापुढे दोन होते: रोमन कायदा आणि मालगुजारी. मालगुजारी म्हणजे जमीन, तिचा सारा, तिच्या नोंदी आणि त्या नोंदी ठेवणाऱ्या कचेऱ्यांचे नियम. नाव नोंदवण्याआधी दोन्ही वर्गांत बसून पाहता येई.

मालगुजारी शिकवणारे गृहस्थ निवृत्त तहसीलदार होते. पहिल्याच तासाला त्यांनी लाल फडक्यात बांधलेले पटवाऱ्याचे दप्तर मेजावर ठेवले आणि विचारले, "गावच्या चावडीवर पटवारी दरसाल काय वाचून दाखवतो? कुणी ऐकलं आहे?"

मी ऐकले होते. कोणाचे रान कोणाच्या नावावर आहे, हे तो सगळ्यांसमक्ष वाचत असे. हात वर करण्यासाठी मी कोपर बाकावरून उचललेही. तेवढ्यात शेजारी बसलेला शहरातला मुलगा हळूच म्हणाला, "क्या मियाँ, पटवारी बनने आए क्या?" मागचे दोघे हसले. मी कोपर पुन्हा बाकावर टेकवले. उत्तर शेवटी त्या शिक्षकांनीच दिले. पुढे ते म्हणाले की, वाचलेल्या नावाला हरकत घ्यायची तर मुदत असते आणि ती पुढच्या तासाला सांगू. पुढच्या तासाला मी रोमन कायद्याच्या वर्गात होतो.

मी मन लावून शिकलो. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये मेलेल्या माणसाचे शेत कोणाकडे जाईल, हे मी न अडखळता सांगत असे.

त्याच वर्षी अक्काचे पत्र आले. ही माझी थोरली बहीण, तामलवाडीला दिलेली. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. भावाभावांची वाटणी त्यांच्या हयातीतच झाली होती. अक्काच्या वाट्याचे रान तिचे दीर बटईने करत. निम्मे पीक तिला मिळे आणि त्यावर तिचे घर चाले. अक्काला लिहिता येत नव्हते. पत्र शेजारच्या मास्तरांनी तिच्याच शब्दांत लिहिले होते: "चावडीवर आपल्या रानावर दिरांचं नाव वाचलं म्हणत्यात. बायामाणसं चावडीवर जात न्हायत, म्हणून मला उशिरा कळलं. तू कायदा शिकतोस. मी काय करू ते कळव."

मी दोन पाने उत्तर लिहिले. वस्तू सांभाळायला दिली म्हणून सांभाळणारा तिचा मालक होत नाही, हे रोमन तत्त्व उदाहरणासह समजावले. शेवटी लिहिले, "चावडीवरच्या वाचनाने मालकी बदलत नाही. मी वकिलीची सनद घेऊन येतो, मग पाहू. तू स्वस्थ राहा."

ती स्वस्थ राहिली. माझे पत्र तिने मास्तरांकडून दोनदा वाचून घेतले आणि आळीतल्या बायकांनाही ऐकवले, असे मागाहून कळले.

सनद मिळताच मी तुळजापूरच्या तहसील कचेरीत अर्ज घेऊन गेलो. अर्ज पाहून साहेबांपुढे ठेवणाऱ्या तिथल्या वयस्कर पेशकारांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढला. "वकीलसाब, लिखे बहोत अच्छा। मगर मुद्दत निकल गई। बाईने कुछ नहीं किया?"

"तिने विचारले होते," मी म्हणालो. कोणाला, ते सांगितले नाही.

पुढे अदालतीत दावा लावला. दिरांच्या वकिलाने दप्तरातली नोंद पुढे केली आणि एवढेच विचारले की, बाईंनी वेळेत हरकत का घेतली नाही. निकाल दिरांच्या बाजूने लागला.

निकाल सांगायला मीच तामलवाडीला गेलो. अक्का जोंधळे निवडत होती. हात न थांबवता तिने विचारले, "मुदत असती, हे तिकडं शिकवत न्हाईत व्हय?"

"शिकवतात."

"मग?"

"मी तो विषय घेतला नव्हता."

"मग कुणाचं रान शिकलास?" तिने सूप आपटले, खडे वेचून बाजूला टाकले आणि म्हणाली, "बस. भाकर टाकते. दिरांच्या घरचं दाणं हाईत, मागून आणल्यात."

नंतर ती माहेरी येऊन राहिली आणि अखेरपर्यंत दुसऱ्यांच्या चुलीपुढे बसली. पाहुण्यांना माझी ओळख मात्र "आमचा वकील" अशीच करून देई. त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी तिला कधी विचारले नाही.

तर माझ्या प्रश्नाचे उत्तर असे: माझा विषय मागच्या बाकावरच्या हसण्याने निवडला. रोमन कायद्यात काही खोट नव्हती. जे मला घरून येत होते, त्याची मला लाज वाटली.

माझ्या एकट्याच्या अनुभवावरून कोणी हे खरे धरू नये. आपल्या तालुक्याच्या कचेरीत एक दिवस बसा, लोक कोणते कागद घेऊन येतात ते पाहा, आणि आपल्या मुलांनी कोणते विषय घेतले आहेत त्यांच्याशी ते स्वतः ताडून पाहा.