थायलंडला नेलेला नारळ

थायलंडला नारळ घेऊन जाणारी बाई पुण्याशिवाय दुसरीकडे कुठे सापडायची नाही. ती मी. बारा वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, शेंडीचा नारळ जुन्या टॉवेलात गुंडाळून मी कसबा पेठेतून निघाले आणि जिथे नारळ रस्त्याच्या कडेला ढिगानं पडलेले असतात अशा देशात घेऊन गेले. शेजारीण म्हणालीसुद्धा, "अहो, तिथे नारळ मिळत नाहीत होय?"

"मिळत असतील. ओटीचा नारळ माहेरचा लागतो."

हे सांगताना माझी मान किती ताठ होती ते आठवलं, की त्या त्रेसष्ट वर्षांच्या बाईच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

ओटी माझ्या मुलीची होती, आणि चौदा वर्षं राहून गेलेली होती. मुलीनं चोविसाव्या वर्षी ब्रह्मदेशातल्या एका मुलाशी लग्न ठरवलं. तो पुण्यात शिकायला आला होता, खडकीत खोली घेऊन राहायचा. आमच्याकडे तीनदा जेवायला आला. मऊ भात-मेतकूट मागून मागून खाल्लं त्यानं. तो गेल्यावर त्याचं ताट मी दोनदा घासलं, आणि मुलीला दिसेल असं घासलं. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं, मी गेले नाही. दोघं निघाली त्या दिवशी मुलगी उंबऱ्याशी उभी राहिली. मी स्वयंपाकघरात.

"अगं, पोरगी चाललीय. ओटी भर की," हे म्हणाले.

"दूध तापत ठेवलंय. उतू जाईल."

दूध केव्हाच तापून झाकून ठेवलेलं होतं. ह्यांना ते दिसत होतं. मुलीलाही दिसत असणार. पाचेक मिनिटं थांबली आणि जिना उतरली. मी त्या एकोणपन्नास वर्षांच्या बाईला पुष्कळदा विचारलंय, की बये, त्या पातेल्याकडे बघत तू नक्की काय राखत होतीस? ती उत्तर देत नाही. फार मानी होती.

पुढे हे गेले. मुलीचा वर्षातून दोनदा फोन यायचा, दिवाळीला आणि माझ्या वाढदिवसाला. ती आणि नवरा थायलंडच्या सीमेवरच्या एका गावात राहायची. नदीच्या अलीकडे थायलंड, पलीकडे त्याचा देश. तिकडून पळून आलेल्या मुलांच्या शाळेत दोघंही शिकवत. एक मुलगी झाली होती. फोनवर मी पावसाची चौकशी करायची. तिथला पाऊस मला तोंडपाठ झाला होता.

मग त्रेसष्टाव्या वर्षी मला एकदम सुधारणा झाली. ठरवलं, की जाऊन राहिलेली ओटी भरायची. आता मी विधवा, आणि विधवेनं ओटी भरायची नाही ही आमच्या घरातली रीत. म्हटलं, मोडते! भिशीत जाहीर केलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, एकीनं डोळे पुसले. आठवडाभर मी स्वतःवर इतकी खूश होते, की आरशात बघून पदर सारखा करत होते. मुलीला फोनवर म्हटलं, "तुझी ओटी भरायला येते."

"ओटी?" तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "ये. थंडीत ये. तेव्हा इथे बरं असतं."

खरंच बरं होतं. बँकॉकहून बसनं आठ तास, शेवटचे दोन-तीन डोंगरातले. वाटेत पोलीस चढून कागद तपासायचे, माझ्याकडे बघून न तपासताच पुढे जायचे. म्हातारीला कोण पळवून आणणार! गाव कोरडं, स्वच्छ उन्हाचं. पाऊस संपून दोन महिने झालेले, रस्त्यावर धूळ नुकती बसायला लागलेली. सकाळी धुकं आणि पालापाचोळ्याच्या शेकोट्या. भोवती माणसं कानटोप्या घालून बसलेली, म्हणजे अगदी आपली माणसं. इतक्या थंडीला पुणेकरसुद्धा मफलर गुंडाळतात. बायकांच्या गालांवर चंदनासारखा पिवळा लेप. बाजारात हिरव्या दगडांचे व्यापारी एक एक खडा उन्हात धरून बघायचे. चहाच्या दुकानात गरम रोटी आणि उकडलेले हरभरे. दुकानदाराचे पणजोबा हिंदुस्थानातले, त्यामुळे तो मोडक्या हिंदीत मला माताजी म्हणायचा. मी त्याला चहात आलं घालायला शिकवलं, त्यानं विचारलेलं नसताना.

मुलगी मला नदीवर घेऊन गेली. वर मोठा पूल, पुलावर कागदांना शिक्के मारून घेणाऱ्यांची रांग. खाली नदी अशी आटलेली, की माणसं गुडघाभर पाण्यातून डोक्यावर बोचकी घेऊन या देशातून त्या देशात चाललेली.

"आणि हे वर शिक्के कुणासाठी मारतात गं?"

"ज्यांना नियम पाळायला आवडतात त्यांच्यासाठी," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून थोडी हसली. तो टोमणा होता हे मला पुण्यात परत आल्यावर कळलं.

जावई दिसत नव्हता. आठ वर्षांच्या नातीला विचारलं, "बाबा कुठे?" तिनं नदीपलीकडे बोट दाखवलं. मी समजले, कामाला गेला असेल. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर फोटोएवढा एक चौकोन बाकी भिंतीपेक्षा उजळ होता. लोकांच्या घरी जाऊन पंख्यावरची धूळ मोजणारी मी, मला वाटलं कॅलेंडर काढलं असेल. मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, पण ते तिनं कधीच घातलं नव्हतं. पाच दिवस मी त्या घरात राहिले आणि पाचही दिवस मला काहीही दिसलं नाही. दिसायला बघावं लागतं. मी आपली ओटीचा मुहूर्त शोधत होते.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मुलीनं साडी नेसली. तिच्या बाबांनी कधीतरी घेतलेली हिरवी, घडीवर विरलेली. तिला प्लॅस्टिकच्या स्टुलावर पूर्वेकडे तोंड करून बसवलं. आंबेमोहोर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, सगळं ताम्हनात मांडलं. ताम्हनसुद्धा पुण्याहून नेलं होतं. माझ्या हातात नारळ. तिनं पदर पसरला. आणि म्हणाली,

"आई, थांब. आधी एक सांगते, मग भर. तो गेला. मागच्या पावसाळ्यात. काविळीनं."

"गेला म्हणजे?"

"बाबा गेले तसा. पलीकडे त्याच्या गावी नेलं त्याला." पदर तसाच पसरलेला. "आता भर."

विधवेनं ओटी भरायची तयारी मी पुण्याहून करून आले होते. विधवेची ओटी भरायची तयारी केलेली नव्हती. तेवढं पुढे मी गेलेच नव्हते. भिशीतल्या टाळ्या पहिल्या पायरीच्या होत्या, आणि मी तिथेच बसकण मारली होती. माझे हात आपोआप खाली आले. नारळ ताम्हनात ठेवला आणि माझ्या तोंडून निघालं,

"मग आता कशाला?"

तिला जवळ घेतलं नाही. गेला कसा, तुझं कसं झालं, एकटीनं काय केलंस, काही नाही. मग आता कशाला!

तिनं पदर आवरून खांद्यावर घेतला. मी म्हटलं, "अगं, फोनवर सांगायचंस तरी."

"तू ओटी म्हणालीस. मला हवी होती," ती म्हणाली आणि साडी बदलायला गेली.

इथपर्यंत मूर्खपणा समजू शकतो. धक्का बसतो माणसाला. पण पुढचं ऐका. दुपारी त्या ताम्हनाकडे बघून मला वाटलं, इतक्या लांबून आणलेला नारळ फुकट जायला नको. मुलीच्या स्वयंपाकघरात बसून खोवायची लाकडी खोवणी होती, सशाच्या आकाराची. मी त्या सशावर बसून ओटीचा नारळ खोवला आणि वड्या केल्या. साखर कमी पडली म्हणून तिथला ताडगूळ घातला. नातीनं चार खाल्ल्या. मुलीनं एक घेतली, सावकाश खाल्ली आणि म्हणाली, "छान झाल्यात." उरलेल्या डब्यात भरून तिनं मला वाटेला दिल्या. त्या मी बसमध्ये खाल्ल्या. सगळ्या.

भिशीत विचारलं बायकांनी, भरली का ओटी? मी म्हटलं, भरली.

आता मी पंचाहत्तरची आहे आणि अतिशय सुधारलेली आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या इमारतीतल्या प्रत्येक विधवेची मी हौसेनं ओटी भरते. सवाष्णींचीही भरते. मागे तिसऱ्या मजल्यावरची दचकून म्हणाली, "अहो आजी, माझे हे आहेत हो अजून!"

"असू द्यात की. मी कुठे घेऊन चाललेय?"

हसतात सगळ्या. आजी फार मोकळ्या विचारांच्या आहेत म्हणतात. बारा वर्षं उशिरा मोकळं व्हायला काय लागतं!

नात गेल्या वर्षी पुण्यात कॉलेजला आली, माझ्याकडे राहते. तिला भेटायला या जानेवारीत मुलगी आली. लग्नानंतर पहिल्यांदाच. पन्नाशीची झालीय, केस पांढरे, रंगवत नाही. आठ दिवस राहिली. घर आवरलं, माझा चष्मा बदलून आणला, एकदाही वाकडं बोलली नाही. वाकडं बोलली असती तर बरं झालं असतं. निघायच्या दिवशी मी विचारलं, "बसतेस?"

तिला कळलं. बसली. साडी नव्हती, ओढणी पसरली. मी तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला. या वेळी नारळ खाली आला नाही. तिनं वाकून नमस्कार केला. सगळं रीतसर. मी खुळी इतकी आनंदले, की टॅक्सीपर्यंत जाताना जिन्याचा कठडा धरायचासुद्धा विसरले.

वर आले तर ओट्यावर, गॅसशेजारी, नारळ. त्याच्याखाली खण, घडी घातलेला. तांदूळ डब्यात परत ओतलेले.

नात म्हणाली, "आजी, आईची बॅग ओव्हरवेट होत होती गं."

"आणि मेतकूट?"

नात मोबाइलमध्ये बघायला लागली. मी बांधून दिलेली मेतकुटाची तिन्ही पाकिटं गेली होती. भाजणी गेली होती. ती बसली बॅगेत.

रविवारी मुलीचा फोन आला. पोचले, इथे अजून थंडी आहे, सकाळी शेकोट्या पेटतात. मग म्हणाली,

"आई, नारळ राहिला बघ तिकडेच."

"हो. दिसला."

"फुकट नको घालवूस. वड्या कर. तुझ्या छान होतात."

आवाजात राग नव्हता, हसू नव्हतं. मी म्हटलं, करते.

तीन आठवडे झाले. नात ओटा पुसताना नारळ उचलते, खालचं पुसते आणि परत होता तिथे ठेवते.