शटरच्या आतल्या साठे मॅडम

कारखान्याच्या दारात साठे मॅडम क्षणभर थांबायच्या, ओढणी सावरायच्या आणि मला म्हणायच्या, "पोटात गोळा आलाय रे. चल." कामगार खात्यात त्या निरीक्षक होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली नवीन. दिल्लीत इतकी घाबरणारी अधिकारी मी दुसरी पाहिली नाही.

मालकाला आधी कळवून तपासणीला जाणं त्यांना पटत नसे. "आपण मग फक्त झाडलेली फरशी बघतो," म्हणायच्या. म्हणून एक दिवस आम्ही चपलांच्या एका कारखान्यात न सांगता गेलो. तळघरात बायका चपलांचे तळ चिकटवत होत्या. चिकटवायच्या सोल्युशनच्या वासानं डोळे चुरचुरत होते. मागच्या दाराला कुलूप होतं.

"चाबी जिसके पास है, वो बाहर गया है. चाय लीजिए," मालक म्हणाला. एवढ्यात मागे खडखडाट झाला. त्याच्या माणसानं पुढचं शटर खाली ओढलं होतं. "अब आराम से बात करते हैं."

मॅडमनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि त्या बायकांच्या रांगेत सरळ जमिनीवर बसल्या. "शटर बंद ही रखिए. ये जैसे बैठती हैं, हम भी बैठेंगे. आप भी तो अंदर ही हैं."

मालक हसला. मग त्याची नजर ठिणगीनं पेटणाऱ्या सोल्युशनच्या डब्यांवर गेली, वर लोंबणाऱ्या उघड्या वायरींवर गेली. कपाळावर घाम आला. "शटर उठा!" तो ओरडला.

मॅडमनी काम बंद ठेवण्याचा आदेश काढला. वरून फोन आले. मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीखाली एका अनोळखी माणसानं त्यांच्या मुलीची नावानिशी चौकशी केली. कामावरच्या बायकाही ऑफिसात येऊन भांडून गेल्या, "हमारी रोटी छीन ली." त्या रात्री मॅडम झोपल्या नाहीत, हे मला त्यांच्या मिस्टरांनी सांगितलं. आदेश मात्र त्यांनी मागे घेतला नाही. मागचं दार बिनकुलपाचं झाल्यावरच कारखाना सुरू झाला. मॅडमची बदली झाली, टेबलावरच्या कामाला.

उन्हाळ्यात त्या तळघराला आग लागली. मी धावत पोहोचलो. बायका मागच्या दारानं बाहेर पडून गल्लीत खोकत, एकमेकींना धरून उभ्या होत्या. मी तिथूनच मॅडमना फोन लावून आगीचं सांगितलं.

"सगळ्या बाहेर आल्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या, मॅडम."

"परत एकदा मोज," त्या म्हणाल्या. "मी फोन ठेवत नाही."