भिंतीवरचा फिकट चौकोन

विय्यारिका गावात फोटोंना चौकटी करणारी निमिया ओहेदा स्वतःला कलाकार म्हणवायची. तेव्हा अख्ख्या पाराग्वेत दुकानादुकानात हुकूमशहा जनरलचा फोटो लावायचा हुकूम होता आणि आत येणारा प्रत्येकजण त्याच्यापुढे टोपी काढायचा.

"त्याच्याकडे बघतं कोण, क्रेसेन्सियो? सवयीने टोप्या काढतात मेले!" ती माझ्यावर खेकसायची.

एका सकाळी काच बदलायची म्हणून तिने माझ्या सलूनमधला फोटो उतरवून नेला आणि हात हलवत परत आली. भिंतीवर फिकट चौकोन तेवढा उरला. त्याखाली तिने पाटी ठोकली: 'कलाकृती. निमिया ओहेदा.'

"अगं बाई, मला आत टाकतील!"

"गप दाढ्या कर," म्हणत ती कोपऱ्यात तेरेरे, आमचा तो गार काढा, पीत बसली.

तेवढ्यात फौजदार बेनेगास आला. त्याने टोपी काढली, कोऱ्या चौकोनाला मान लववली आणि खुर्चीत बसून डोळे मिटले.

"आज फेसच किती वेळ फासतोयस रे?"

"थंडीनं दाढी राठ होते, साहेब."

माझा वस्तरा त्याच्या गळ्यावर होता, आणि आरशात मला निमिया दिसत होती. पाटीवर स्वतःच्या नावाखाली ती 'सहकलाकार' म्हणून फौजदाराचं नाव लिहीत होती.