पंचमी ते कूलर

वर्षातून जेमतेम चाळीस दिवस सायकल चालवून बाराही महिने सायकलवाला म्हणून मिरवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहायला आम्ही दोघंही अमरावतीत, नोकरीला दोघंही बडनेऱ्यात. तो रेल्वेत तिकिटं देतो, मी शाळेत गणित शिकवतो. रस्ता एकच, वेळही जवळजवळ एकच, आणि त्या रस्त्यावर मी गेली एकोणीस वर्षं तिन्ही ऋतू सायकल हाणतो आहे. चैत्रात डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, श्रावणात पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, पुसात कानटोपी घालून. स्कूटर मी एकदा शिकायला घेतली होती, पण ती पहिल्याच दिवशी रसवंतीत शिरली आणि तो विषय तिथंच संपला. आता तुम्ही आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जाऊन विचारा, ‘इथून बडनेऱ्याला सायकलनं कोण जातं हो?’ तो तुम्हाला बिनचूक माझ्या साडूचं घर दाखवेल. माझा जळफळाट होतो. उगाच आडपडदा कशाला ठेवू, चांगला भरपूर होतो.

त्याचं सायकलचं वर्ष वसंत पंचमीला सुरू होतं आणि घरात कूलर लागला की संपतं. पंचमीच्या आदल्या दिवशी गच्चीवरच्या खोलीतून सायकल खाली उतरते. तिला खोबरेल तेलानं पुसलं जातं, हँडलला झेंडूचा हार चढतो, माझी साळी, म्हणजे त्याची बायको, बिचारी पदर खोचून तिला ओवाळते, आणि हा पिवळा शर्ट घालून पुढच्या चाकासमोर नारळ फोडतो. मग खोबऱ्याचे तुकडे ताटलीत घेऊन कॉलनीभर फिरतो. ‘निघाली बरं का आपली सायकल!’ लोक खोबरं खातात आणि कौतुकानं मान डोलावतात. होळी झाली की पंधरा-वीस दिवसांत आमच्याकडे ऊन असं काही सुटतं की माणसं कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला काढतात. त्याच्या ओसरीत खिडकीसमोर कूलरचा स्टँड मांडला की सायकलला जागा उरत नाही. ती वर जाते, ती थेट पुढच्या पंचमीपर्यंत. मधल्या काळात साहेब स्कूटरवर असतात, पण बोलणं सगळं सायकलचं.

बरं, या दोन महिन्यांतही रोज जाईल तर शपथ. सकाळी सात वाजता हा माणूस गच्चीवर अनवाणी जाऊन उभा राहतो. फरशी पायाला गार लागली तर सायकल. कोमट लागली तर स्कूटर. फारच गार लागली तरी स्कूटर. एकदा शिशिरातलाच चुकलेला एक ढग आभाळात होता, रुमालाएवढा. तेवढ्यासाठी यानं निघालेली सायकल फाटकातून परत नेली. मी तिथंच उभा होतो, मला राहवलं नाही. म्हटलं, ‘एवढ्याशा ढगाले भेता काय जी?’ तर म्हणतो कसा, ‘भेत नाई साडभाऊ. पन ढग असला का मन लागत नाई. अन् मनच लागत नाई तं मंग सायकल काहाले चालवायची?’ आमच्या शाळेत हजेरीपटावर मनाचा रकाना नाही. मी पॅडल मारलं आणि निघालो.

रस्त्यावर तर त्याचा थाट पाहवत नाही. मला बडनेऱ्याला पोचायला पस्तीस मिनिटं लागतात, त्याला सव्वा तास. कारण तो जागोजागी उतरतो. पळस फुलला, उतर. कडुनिंबाला तांबूस पालवी फुटली, उतर. पुलाच्या कठड्यावर कोणी म्हातारा बसलाय, उतर आणि त्याच्या नातवाच्या लग्नाचं काय झालं ते विचार. रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसणारी एक मावशी आहे. तिच्यासमोरून मी वर्षाचे दोनशे दिवस जातो, पण तिनं कधी मान वर करून पाहिलं नाही. हा पंचमीनंतर पहिल्यांदा दिसला की ती उठून उभी राहते. ‘आले काय बाप्पा सायकलवाले! मी म्हनतच होती, अजून कसे आले नाई!’ आणि कोथिंबिरीची जुडी त्याच्या कॅरिअरला खोचून देते, फुकट. मी एकदा मुद्दाम थांबून तिच्याकडून कोथिंबीर घेतली. जुडी बारीक होती आणि वरून म्हणाली, ‘सुट्टे द्या.’

दोन वर्षांपूर्वी तर कडेलोट झाला. त्यांच्या कॉलनीच्या मंडळानं पेट्रोल वाचवल्याबद्दल त्याला शाल आणि नारळ दिला. मी सपत्नीक आमंत्रित. पोचलो तोवर मागचं चाक बसलं होतं, म्हणून हातात पंप घेऊनच मांडवात शिरलो. फोटोच्या वेळी सत्कारमूर्तीची सायकल स्टँडवर नीट उभी राहीना, तेव्हा अध्यक्ष मला म्हणाले, ‘भाऊ, जरा धरता का मागून?’ मी धरली. तो फोटो आजही त्याच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. त्यात शाल आहे, नारळ आहे, सायकल आहे आणि कडेला माझा कोपर आहे. घरी निघताना हा माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाला, ‘साडभाऊ, तुमीबी सायकल चालवत जा. तब्येत मस्त राह्यते.’ मी पंपाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि बायकोनं माझा हात घट्ट धरला.

बायकोशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. मी तणतणत असलो की ती पोळ्या लाटता लाटता म्हणते, ‘तुमी सायकल चालवता तवा आपलं तोंड पाह्यलं काय कधी? दळन घेऊन चालले का कोनाच्या मयतीले, काही समजत नाई.’ शिवाय जळण्यात आणखी एक मोठी अडचण आहे. माणूस वाईट नाही. मागच्या पावसाळ्यात मी तापातून उठलो तेव्हा आठ दिवस त्यानं मला स्कूटरवर मागं बसवून शाळेत नेलं आणि आणलं. न बोलावता आला, न सांगता येत राहिला. वाटेत दोनदा थांबून बगळे दाखवले, तेवढा एक त्रास सोडला तर मला काही म्हणता येण्यासारखं नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मध्ये सासऱ्यांची सायकल आली.

आमचे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, बार्शीटाकळीचे. भाजी आणि फुलं पिकवणारं घर. उभ्या हयातीत मामाजींनी वांगी, मेथी आणि मोगऱ्याच्या पुड्या सायकलवर लादून अकोल्याला नेल्या, मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरातल्या बाजारात. त्या सायकलवर त्यांनी दोन्ही मुलींना शाळेत पोचवलं, त्यांच्या लग्नाचा बस्ताही तिच्यावरच आणला. काळी, लोखंडी, मधल्या दांड्याची, घंटी अशी की गावाच्या वेशीवर वाजवली तर घरात चहा ठेवत. लग्न झाल्यापासून माझा त्या सायकलवर डोळा होता. प्रत्येक दिवाळीला सासरी गेलो की मी पाडव्याचं ओवाळून घेण्याआधी तिला तेल घालायचो. मला दुसरं काही नको होतं. एका खऱ्या सायकलवाल्यानं आपली सायकल मला द्यावी, म्हणजे निदान एका माणसानं तरी मला ओळखलं असं झालं असतं.

गेल्या दिवाळीपासून मामाजींच्या गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलं. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलं. यंदा फाल्गुनात त्यांचा फोन आला, ‘सायकल देऊन टाकतो म्हनतो. दोगंही जवाई या.’ आम्ही गेलो. अंगणात सायकल काढून ठेवलेली. मामाजी बाजेवर पाय लांब करून बसले होते. म्हणाले, ‘वावरापावतर एक एक चक्कर मारून या. मंग पाहू.’

परीक्षा! माझा तर ऊर भरून आला. मी मोठा जावई, पहिला मान माझा. पाय न टेकता गेलो, पाय न टेकता वळलो, बारा मिनिटांत अंगणात हजर. उतरता उतरताच अहवाल दिला. ‘चेन सैल आहे मामाजी. मागचा ब्रेक लागत नाही. रस्त्यात तीन खड्डे आहेत.’ मामाजींनी मान हलवली. मग विचारलं, ‘वावर कसं आहे?’ मी म्हटलं, ‘आहे नं. जागेवरच आहे.’

मग साडभाऊ गेला, तो गेलाच. चहा झाला, दुसरा चहा झाला. मी मनातल्या मनात सायकल कुठं ठेवायची ती जागाही ठरवली. तासाभरानं दुरून घंटी वाजली आणि मामाजी बाजेवर ताठ झाले. हा आला तो हातानं सायकल ढकलत, शर्टाला कुसळं लागलेली, खिशात काहीतरी कोंबलेलं. सायकलबद्दल अक्षर बोलला नाही. सरळ मामाजींच्या पायाशी जमिनीवर बसला. ‘मामाजी, विहिरीवरच्या आंब्याले असा मोहोर आला, का पान दिसत नाई!’

‘हाव काय?’

‘हाव. अन् तुमी बांधावर लावलेला शेवगा लदलदून गेला. मोगऱ्याले कळी धरली.’ खिशातून त्यानं मूठभर कळ्या काढून मामाजींच्या ओंजळीत टाकल्या. मामाजींनी त्या नाकाशी धरल्या.

‘आनखी सांगा,’ ते म्हणाले.

‘विहिरीत गोटा टाकून पाह्यला. आवाज लवकर आला. पानी आहे अजून. अन् बाजूच्या वावरातले बुढे बुवा इचारून राह्यले होते, मालक येत काहून नाई म्हनून. मी म्हटलं गुडघे. तं म्हने, सांगा त्याईले, म्या बैल बांधायची जागा बदलली, तुमच्या मोगऱ्यात जात नाईत आता.’

‘बदलली!’ मामाजी मोठ्यांदा हसले. त्यांचे डोळे भरून आले होते. ‘तीस वर्सं सांगतलं त्याले. आनखी सांगा.’

असं अर्धा तास चाललं. सायकल अंगणात उभी होती आणि तिच्याकडे माझ्याखेरीज कोणी पाहत नव्हतं. शेवटी मामाजी म्हणाले, ‘सायकल लहाने जवाई नेतीन.’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काहून जी?’ विचारायला नको होतं. मामाजी रागावले नाहीत. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, ‘तुमी जाऊन आले. हे मले घेऊन गेले.’ त्यानंतर पुरणपोळी वाढली होती, ती मी किती खाल्ली ते आठवत नाही.

सायकल भाजीच्या टेम्पोतून अमरावतीला आली. हार झाला, नारळ झाला. तीन आठवडे तो ती घंटी वाजवत माझ्या घरावरून जायचा आणि मी वर्तमानपत्रात तोंड घालायचो. मग ऊन सुटलं. एका रविवारी सकाळी दारात घंटी वाजली. बाहेर साडभाऊ, घामेघूम, मामाजींची सायकल हातात. ‘कूलर लागला साडभाऊ. माही सायकल तं वर नेली, पन हे लोखंड गच्चीवर चढवाले चार मानसं लागतीन. पंचमीपावतर तुमीच ठेवा.’ मी म्हटलं, मी काय गोदाम उघडलंय? तो म्हणाला, ‘ठेवाची नाई, चालवाची. चालवनारे तं तुमीच आहे नं.’ हे तो इतक्या सहज म्हणाला की मला धड चिडताही येईना. सायकल भिंतीला टेकवून तो पाणी पिऊन गेला.

एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची होते. परतताना अकरा-साडेअकराचं ऊन, डोक्याला ओला दुपट्टा, रस्त्यावर चिटपाखरू नाही, भाजीवाली मावशीही नाही. परवा असाच येत होतो. मामाजींच्या सायकलची चेन मी घट्ट केली आहे, ब्रेकही लागतो. पुलाच्या अलीकडं सावली दिसली म्हणून, कोथिंबिरीचा तो दिवस सोडला तर एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, मी पाय टेकला. वर पाहिलं तर सबंध झाड पिवळं. पान नाही, नुसते घोस लोंबताहेत. हे झाड इथं कधीपासून आहे, देव जाणे. त्याचं नावही मला येईना. काय मनात आलं, खिशातून फोन काढला आणि बार्शीटाकळीला लावला.

‘मामाजी,’ म्हटलं, ‘पुलाजवळ एक झाड आहे. सगळं पिवळं झालंय. द्राक्षासारखे घोस आहेत.’

मग मामाजी म्हणाले, ‘बहावा असन तो. फुलला काय?’ त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता. ‘लहान्या जवायानं दाखवला वाटते तुमाले?’

मी तोंड उघडलं. एकोणीस वर्षं, ओला दुपट्टा, फोटोतला कोपर, सगळं जिभेवर आलं. साडभाऊ त्या वेळी बडनेऱ्यात पंख्याखाली बसून तिकिटं फाडत असणार.

‘हो,’ मी म्हटलं. ‘त्याईनंच दाखवला.’

‘आनखी सांगा,’ मामाजी म्हणाले.

मी सायकल झाडाला टेकवली, दुपट्टा डोळ्यांवरून जरा वर सारला आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहू लागलो.