सूनबाईचे हात

आमच्या सूनबाईला दुसऱ्याच्या हातातलं काम बघवत नाही. वाईट अर्थाने नाही म्हणत मी. मी सुईत दोरा ओवायला बसले की ती कुठूनही उगवते, "आणा आई" म्हणते, आणि मी चष्मा नीट करेपर्यंत दोरा ओवून झालेला असतो. नातीचं दप्तर तीच भरते. चिरंजीवांच्या शर्टाचं बटण शर्ट त्यांच्या अंगात असतानाच शिवते. समोरचा बोलताना जरा अडखळला की त्याचं वाक्यही तीच पुरं करून टाकते. लग्न होऊन आली त्या आठवड्यात मला शिंक यायच्या आत तिने रुमाल पुढे केला होता. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं, "ही पोरगी आपल्याला पार आळशी करून सोडणार."

ती शाळेत हस्तकला शिकवायची. कागद, गोंद, कात्री, असा सगळा पसारा. मग एके वर्षी वरून पत्र आलं. ज्या मुलांना चालायला, बघायला, ऐकायला अडचण आहे त्यांना साध्या शाळेत कसं शिकवायचं, ह्याच्या प्रशिक्षणाला एका शिक्षकाने जायचं. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाची कंबर धरली, गणिताच्या सरांना तर अचानक आठवलं की त्यांना बसचा प्रवास सोसत नाही. सगळ्यात नवी म्हणून हिला पाठवलं. परत आली तेव्हा डोळ्यांत काहीतरी पेटलेलं होतं. जेवताना बोलायची ते तेच, झोपायला जाताना तेच. चिरंजीव म्हणाले, "आई, हिला शाळेने पाठवलं होतं की कुणी भारून सोडलंय?"

पुढच्या वर्षी शाळेत भिंगरी आली.

भिंगरी हे तिचं घरचं नाव. पाय लहानपणापासून चालत नाहीत, पण चाकांच्या खुर्चीत बसली की गल्लीच्या ह्या टोकाहून त्या टोकाला अशी गरगरत जायची की लोक भिंतीला चिकटून उभे राहायचे. कुणाच्या पायाला भिंगरी असते, हिच्या बुडाखाली होती एवढंच. तिची आई घरी कपडे शिवते. मुलगी हुशार, पण जवळची एकही शाळा घ्यायला तयार नव्हती. एकच वाट उरली होती, ती दूरच्या गावातल्या वसतिगृहाच्या शाळेची. तिथे गेली असती तर सुट्टीपुरती घरी आली असती.

सूनबाई मुख्याध्यापकांच्या मागे हात धुऊन लागली. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम. एक वर्ष बघू. जमलं तर जमलं. नाही जमलं तर मला पुन्हा हा विषय नको."

म्हणजे भिंगरी घरी राहणार की वसतिगृहात जाणार, हे त्या एका वर्षावर आलं. आणि हिच्या मागून येणाऱ्या मुलांचंही.

सूनबाईने सगळ्या शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं. त्याची रंगीत तालीम अर्थातच माझ्यावर. दवाखान्यातून जुनी चाकांची खुर्ची मागून आणली आणि मला तिच्यात बसवून अंगणात फिरवलं. उंबऱ्यावर खुर्ची मागे कशी कलवायची, उतारावर पाठमोरी कशी उतरवायची. मी म्हटलं, "अगं, माझे गुडघे दुखतात, पण अजून जाग्यावर आहेत." शेजारीण कुंपणावरून विचारते, "आजींना काय झालं हो?" मी म्हटलं, "सून झाली."

शाळेतलं प्रशिक्षण म्हणे फार रंगलं. गणिताचे सर खुर्चीत बसले, खेळाच्या सरांनी ढकललं, आणि दोघे मिळून मुख्याध्यापकांच्या कुंड्यांमध्ये जाऊन पडले. पण शिकले सगळे. इतके शिकले, की पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

भिंगरी फाटकाशी आली की शिपाईमामा खुर्ची धरायला हजर. दप्तर एका बाईंकडे, पाण्याची बाटली दुसऱ्या बाईंकडे. शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर तक्ता, कुणी कधी तिच्याजवळ राहायचं त्याचा. वर्गातल्या दोन मुलींच्या छातीवर 'मदतनीस' असं लिहिलेला बिल्ला. त्या बिल्ल्यावरून पोरींनी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्याच काय त्या राहिल्या होत्या. भिंगरीची पेन्सिल खाली पडली की चार डोकी एकदम खाली वाकायची आणि एकमेकांवर आपटायची. सूनबाई घरी येऊन सांगायची आणि तिचा चेहरा नुसता फुललेला असायचा. "आई, तिला बोटसुद्धा हलवावं लागत नाही!"

माशी शिंकायची ती तिथेच शिंकली. अर्धं वर्ष सरलं तशी भिंगरी शाळा बुडवायला लागली. आज पोट दुखतंय, उद्या डोकं. मग नुसतंच, नाही जायचं. मुख्याध्यापक म्हणाले, "बघा मॅडम, मी म्हणालो होतो." सूनबाईने तक्त्यात आणखी दोन शिक्षक वाढवले.

एका रविवारी भिंगरीची आई तिला घेऊन आमच्याकडे आली. दारात पायरी आहे. सूनबाई नेहमीसारखी धावली आणि खुर्चीचे दांडे धरले. पोरीने खाडकन ब्रेक लावला.

"थांबा मॅडम."

मग ती स्वतः चढायला लागली. एकदा चाक घसरलं. पुन्हा घसरलं. सूनबाईचे हात पुढे जायचे, मागे यायचे. तिची आई मात्र शांतपणे कठड्याला टेकून उभी होती. तिला सवय असावी. शेवटी भिंगरीने बाजूचा कठडा धरला, अंग पुढे झोकलं आणि आली आत. घामाघूम.

माझी नात तिच्याच वयाची. दोघी खिडकीशी पत्ते खेळत बसल्या. इकडे आईने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत. पण हिचं मन लागत नाही. वसतिगृहाला हो कळवावं म्हणते."

सूनबाईचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. "काय कमी पडलं आमचं? सांगा ना. मी करते."

"कमी काहीच नाही हो," ती माउली म्हणाली. "तेच तर कळत नाही."

तेवढ्यात खिडकीतून माझ्या नातीचा आवाज चढला. "ए लबाड! मांडीखाली पत्ता लपवलास!"

"मी नाही लपवला!"

"उचल मांडी! उचल!"

"मला नाही उचलता येत!"

"मघाशी पायरीवर अख्खी खुर्ची बरी चढवलीस! दे इकडे!"

ही आमची कार्टी काय बोलून गेली! सूनबाई तर उडालीच. "अगं, तिच्याशी असं बोलतात का? चल, माफी माग आधी. आणि हा डाव तिचाच."

भिंगरी इतका वेळ खिदळत होती. पत्ता खरंच मांडीखाली होता, गुलाम. पण सूनबाईचं ते वाक्य ऐकलं आणि दिवा विझावा तसा तिचा चेहरा विझला. पत्ते खाली ठेवले.

"शाळेत पण असंच," ती म्हणाली. "सगळे डाव माझेच. खो-खोमध्ये मला पंच करतात आणि मी काहीही सांगितलं तरी टाळ्या वाजवतात. माझ्याशी कुणी भांडतच नाही मॅडम. मी पाहुणी आहे तिथे. पाहुण्यांकडे कुणी रोज रोज जातं का?"

नात पुटपुटली, "मग गुलाम दे की."

सूनबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. मी बघत होते, जिभेवर चार वाक्यं आली असतील, चारही गिळली. मग म्हणाली, "मदत कशात लागते तुला? तू सांग. मी मध्ये बोलत नाही."

पोरीला सांगायला वेळ लागला. शाळेतल्या उताराचा शेवटचा तुकडा फार चढाचा आहे, तिथे हवी. संडासात हवी, पण तिथल्या मावशींचीच, रोज नवं माणूस नको. वाचनालयातल्या वरच्या फळीसाठी हवी. "बाकी नको. बाकी लागली तर मी मागेन." सूनबाईने एकही वाक्य पुरं केलं नाही. माझ्या घरात हे मी पहिल्यांदा बघत होते.

मग तिने आईला म्हटलं, "परीक्षेपर्यंत थांबाल? चूक तुमच्या मुलीची नाही, माझी आहे. मला ती सुधारायला वेळ द्या."

आईने मुलीकडे बघितलं. मुलीने खांदे उडवले. म्हणजे हो.

आता दुसरं प्रशिक्षण. मुख्याध्यापक वैतागलेच. "मॅडम, आधी म्हणालात मदत करा, आता म्हणता करू नका. माणसाने नक्की करायचं तरी काय?"

"विचारायचं," ही म्हणाली. "आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभं राहायचं. सर, हे मलाच येत नव्हतं. माझीच खोड मी तुम्हा सगळ्यांना लावली."

मग जोड्या लावल्या. एकाने एक हात पाठीशी धरून डाव्या हाताने बुटाची नाडी बांधायची. दुसऱ्याने समोर उभं राहून, दोन्ही हात मागे बांधून, नुसतं बघायचं. मागितल्याशिवाय मदत नाही. गणिताच्या सरांना नाडी बांधणं जमलं, पण बघणं जमेना. घाम फुटला. शेवटी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शिपाईमामा म्हणाले, "खुर्ची ढकलणं सोपं होतं की हो ह्याच्यापेक्षा." बिल्ले काढले, तक्ता उतरवला. उताराचा शेवटचा तुकडा गवंड्याकडून लांबवून घेतला.

लगेच सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. सूनबाई रोज कोमेजून यायची. "आई, आज ती पुस्तकं सांडून एकटीच वेचत होती आणि मी खांबाआड उभी होते. हात नुसते शिवशिवत होते हो." भिंगरीही अधूनमधून घरीच राहायची. एकदा व्हरांड्यात खुर्ची खांबाला अडकली तर मागायच्या ऐवजी रडत बसली, कारण मागायचं कसं हे तीही विसरली होती. त्या रात्री जेवण कुणालाच गेलं नाही. मुख्याध्यापकांनी तर वसतिगृहाचा पत्ता काढून ठेवला होता.

आणि मग एक दिवस सूनबाई आली ती चपला न काढताच माझ्यासमोर येऊन बसली. डोळे भरलेले.

"आई, आज तिला वर्गाबाहेर काढलं."

"अगं बाई! कुणी?"

"गणिताच्या सरांनी."

"काय माणूस आहे! आणि तू काय करत होतीस?"

"मी मागच्या बाकावर बसले होते. हात मागे." आणि ती हसायलाच लागली, डोळे पुसत. "बडबड करत होती हो! शेजारच्या मुलीशी, सर फळ्याकडे वळले की सुरू. सरांनी दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा दोघींना बाहेर काढलं. दार ढकलून स्वतःच गेली बाहेर. आणि बाहेर जाऊन दोघींचं भांडण, कुणामुळे शिक्षा झाली म्हणून. सगळ्या वर्गाला ऐकू येत होतं. ती दुसरी ओरडतेय, 'ए भिंगरी, तूच सुरुवात केलीस!' शाळेत तिला ह्या नावाने आजवर कुणी हाक मारली नव्हती आई."

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. सूनबाईने मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. आई सांगत होती, मुलगी आल्यापासून तणतणतेय, सर दुष्ट आहेत, वर्गातली ती शेजारीण तर त्याहून दुष्ट आहे, आणि उद्या लवकर जायचंय, कारण भांडण अर्धं राहिलंय. "वसतिगृहाला आता 'नाही' कळवते," ती म्हणाली, आणि मागून भिंगरीचा आवाज आला, "आई, उद्या डबा जास्त दे, तिला पण लागतो!"

फोन ठेवून सूनबाई तशीच बसून राहिली. मी गोधडीला टाके घालत होते, दोरा संपला. सुई उजेडाकडे धरली, दोरा ओला केला, ओवायला लागले. पहिल्यांदा चुकला. तिने माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"देऊ का ओवून, आई?"

"थांब जरा," मी म्हटलं.

खरं सांगते, दोरा दुसऱ्यांदा चुकला तेव्हाच मला कळलं होतं की आज काही तो जायचा नाही. पण ती इतकी नीट बसली होती, की मी आणखी थोडा वेळ काढला. मग म्हटलं, "घे."