वर आलेलं पान

आमच्या आत्याला काही वाढलेलं बघवत नसे. नखं, केस, शर्टाच्या बाहीतून लोंबणारा दोरा, शेजारणींच्या गप्पा, काहीही. ती समोर आली की आम्ही भावंडं आपोआप मुठी मिटायचो. कल्याणच्या एका शाळेत तिने आयुष्यभर मुलींना शिवण शिकवलं, आणि घरी आली तरी हातातली कात्री काही सुटायची नाही. नववीत असताना मी मोठ्या हिमतीने कपाळावर एक बट सोडलेली. तिचं आयुष्य एक दुपार. "डोळ्यात जात होती," एवढंच आत्याचं म्हणणं. मी अबोला धरला, तर म्हणाली, "बरं झालं, घरात जरा शांतता आहे."

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. आजी-आजोबा लवकर गेले आणि हिने लोकांचे ब्लाऊज शिवून बाबांना शिकवलं. स्वतःच्या लग्नाचं तेवढं राहून गेलं. त्यामुळे डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत शेवटचा शब्द तिचा. बाबा ऑफिसात साहेब होते म्हणे. घरात "ताई म्हणेल तसं" म्हणणारे धाकटे भाऊ.

तिचा शौक एकच. खिडकीपाशी जुन्या शिवणयंत्राचं लोखंडी स्टँड होतं. यंत्र कधीच मोडीत गेलेलं. स्टँडवर फळी, फळीवर काचेची टाकी, टाकीत चार गप्पी मासे आणि कमळ. आम्ही खाली बसून हळूच त्याचं पायडल दाबलं की वर सगळं तळं डुचमळायचं. "भूकंप करू नका रे मेल्यांनो!" ती स्वयंपाकघरातून ओरडायची. तिला न बघता कळायचं.

कमळाचा कांदा तिला शहाडकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने गावच्या तळ्यातून आणून दिलेला. काळा, ओबडधोबड, छोट्या बटाट्याएवढा. सगळ्या जगाला शिकवणाऱ्या आमच्या आत्याने तो कुंडीत हळकुंड लावावं तसा वाळूत खोल पुरून टाकला. कांदा कुजला. खाडीच्या गाळासारखा वास घरभर सुटला आणि आई पाहुण्यांसमोर उदबत्त्या लावून थकली. दुसरा कांदा आला तेव्हा आत्याने तो वाळूवर नुसता टेकवला, अर्धा उघडा, आधाराला एक गोटा. "जिवंताला कोण पुरतं?" असं स्वतःलाच मोठ्याने म्हणाली. तिने चूक कबूल केली ती अशी.

मग मात्र पानं आली. तांबडी, तांब्याच्या भांड्यासारखी, वर काळसर ठिपके. पाण्याखाली अशी दाट व्हायची की मासे त्यांत हरवायचे. अधूनमधून एखाद्या पानाचा देठ सुसाट वर धावायचा आणि पान पाण्यावर येऊन ऐसपैस पसरायचं. ते आत्याच्या डोळ्यात सलायचं. रविवारी सकाळी पदर खोचून, काज करायची जुनी छोटी कात्री घेऊन ती कोपरापर्यंत हात पाण्यात घालायची, बोटांनी देठ चाचपत कांद्यापर्यंत जायची आणि तिथे कापायची. "मधेच कापलं तर उरलेलं कुजतं. कापायचं तर मुळाशी."

"पण आत्या, फूल कधी येणार?" माझा दर रविवारचा प्रश्न.

"फूल हवं तर पानं वर जाऊ द्यावी लागतात. वरच्यांनी उजेड खाल्ला की खालची झडतात. मला माझी टाकी भरलेली आवडते."

"एकदाच येऊ दे ना!"

"फूल बघायचं तर तळ्यावर जा."

घरात कमळ म्हटल्यावर बाकीच्यांना मात्र वेगळंच सुचायचं. एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाला समोरच्या काकू आल्या. कमळ दिसल्यावर त्यांना भरून आलं आणि कोणी अडवायच्या आत त्यांनी टाकीत हळद, कुंकू आणि मूठभर अक्षता वाहिल्या. पाणी पिवळं झालं. सकाळी मासे उताणे. काकू बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. आत्या टाकी धूत शांतपणे म्हणाली, "अहो, रडता काय? लक्ष्मी आली, जाताना मासे घेऊन गेली." मग काकूंना चहा केला, आणि त्यांच्या साडीचा सुटलेला फॉलही तिथल्या तिथे टाचून दिला. अशी होती ती. कात्री जेवढी धारदार, तेवढीच सुई तयार.

निवृत्त झाल्यावर साखरेने तिचे डोळे खाल्ले. सुईत दोरा ओवायला मी लागायची. कमळाचं कापणंही माझ्याकडे आलं. मी हात पाण्यात घालायची आणि ती बाजूला स्टुलावर बसून हुकूम सोडायची, "आणखी खाली. अगं, खाली म्हणजे खाली!" तिच्या भाषेत, डोळे माझे आणि अक्कल तिची. मला ते रविवार फार आवडायचे. तिला किती आवडायचे, ते तिने कधी सांगितलं नाही.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मला बंगलोरला नोकरी लागली. ठाण्याच्या पुढे एकटी कधी गेले नव्हते, पण जायचं म्हणजे जायचंच होतं मला. बाबांनी पत्र वाचलं आणि सवयीने आत्याकडे बघितलं.

"इथे काय नोकऱ्यांचा दुष्काळ पडलाय?" आत्या म्हणाली. विषय संपला. मी उशीत तोंड खुपसून रडले. होकार कळवायला थोडेच दिवस उरलेले आणि घरात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गुमान बाह्या सारून टाकीपाशी गेले. एक पान वर येऊन पसरलं होतं.

"हे कापते," मी म्हटलं.

"राहू दे."

"अगं, वर आलंय."

"दिसतंय मला. एवढी आंधळी नाही झाले."

मी कात्री खाली ठेवली. दुपारी जेवताना ती बाबांना म्हणाली, "वसंता, हिच्या तिकिटाचं बघ."

बाबांचा घास हातातच राहिला. "ताई, तूच तर नको म्हणालीस..."

"म्हणाले. चूक म्हणाले."

"आणि तुझं? सुई कोण ओवणार?"

"सुई ओवायची तार मिळते बाजारात. आमटी वाढ."

जायच्या आधी तिने मला चार ड्रेस शिवून दिले. मी विचारलं, शिवणीच्या आत एवढं कापड का? "आत माया जास्त ठेवलीय. तिकडचं मानवलं तर उसवून घे." स्टेशनवर आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती काजाची कात्री माझ्याकडे आहे. पण आत्या म्हटलं की मला आधी आठवतो तो एक फोन. मी समोरच्या काकूंकडे फोन केला तरी ती कधी बोलायला यायची नाही. "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं," म्हणायची. आणि एका सकाळी, मी नुकती उठलेली, घरमालकिणीने हाक मारली, तुझा फोन. मी धावत गेले.

"अगं, मी आत्या. नाक्यावरच्या बूथवरून बोलतेय."

"एकटी आलीस? काय झालं?"

"काही नाही झालं. फूल आलंय. ऊन चढलं की मिटतं, म्हणून लगेच आले सांगायला." मग ती म्हणाली, "पांढरं आहे गं."

"पांढरं?"

"पानं तांबडी ना, मला वाटलेलं फूलही तांबडंच असणार. इतकी वर्षं मी तेच धरून चाललेले."

डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घरमालकीण काळजीने बघत होती.

"खालची पानं गेली बहुतेक," ती म्हणाली. "टाकी मोकळी मोकळी दिसते."

"मग वरची काप ना आता," मी कशीबशी म्हणाले. "परत भरेल."

"छे गं," आत्या म्हणाली. "अजून एक कळी आलीय."